एक पाणी, दोन पिके : मासे व भाजीपाल्याच्या सहशेतीचा एक अभ्यास

पाबळ हे नाव इतिहासाच्या विद्यार्थ्याला मस्तानीच्या समाधीमुळे परिचित असते. याच पुणे जिल्ह्यात, भीमेच्या काठी, कोरेगावचा विजयस्तंभ उभा आहे. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या स्तंभाला मानवंदना देण्यासाठी आले होते. त्यानंतर अवघ्या अकरा आठवड्यांनी, २० मार्च १९२७ रोजी, त्यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. स्मरणिकेसाठी लेख लिहावयास बसलो तेव्हा या दोन तारखा आम्हांस एकदम आठवल्या, कारण आम्हांस लिहावयाचे होते ते पाण्याविषयीच. ज्यांना तळ्याचे पाणी नाकारले गेले, ज्यांच्या वाट्याला जमीन आली नाही, त्यांच्या मुलामुलींनी आज एका हौदातले तेच पाणी पुनःपुन्हा वापरून त्यावर मासे आणि भाजी दोन्ही कशी वाढवावी, हा या लेखाचा विषय आहे. या पद्धतीला ॲक्वापोनिक्स असे म्हणतात. आम्ही तिला मासे व भाजीपाल्याची सहशेती म्हणू.

आमच्या वसतिगृहाच्या मागील अंगणात आम्ही ही पद्धती करून पाहिली. तीत आम्हांस एकदा अपयश आले आणि नंतर बऱ्यापैकी यशही आले. ज्या माजी विद्यार्थ्यांच्या मनात असा उद्योग करावयाचे आहे, ज्या पालकांना परसात चार वाफे करावयाचे आहेत, त्यांना आमच्या दोन्ही अनुभवांचा उपयोग व्हावा, एवढाच या लेखनामागील हेतू आहे.

पाबळचा माळ आणि एक प्रयोगशील शाळा

पुणे जिल्ह्याचा पूर्वभाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. त्यातही सर्वत्र सारखी स्थिती नाही. दौंडच्या बाजूला खडकवासल्याच्या कालव्याने ऊस उभा केला. पाबळच्या माळावर मात्र पावसाची आणि विहिरीच्या झऱ्याची वाट पाहण्यातच पिढ्या गेल्या. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये डोंगरउतारावरून वाहून जाणारे पाणी बांधबंदिस्तीने अडवावे, तळी-तलाव बांधावेत, असा आग्रह धरला होता. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९८३ साली, डॉ. श्रीनाथ कलबाग हे शास्त्रज्ञ मुंबईतील संशोधनसंस्थेतील मोठे पद सोडून पत्नी मीराताईंसह पाबळला आले आणि त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. औपचारिक शाळेत न रमलेल्या मुलांना हातांनी काम करता करता विज्ञान शिकवावयाचे, हे त्या आश्रमाचे सूत्र. वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती-पशुपालन, अन्नप्रक्रिया अशी कामे मुले तेथे शिकतात आणि गावाला सेवा देता देता तयार होतात. २००३ साली डॉ. कलबाग गेले, पण काम थांबले नाही. मासे व भाजीपाला एकत्र वाढविण्याचे प्रयोगही त्या परिसरात झाले आहेत.

आपल्या समाजाच्या दृष्टीने या सूत्राला विशेष अर्थ आहे. जातिव्यवस्थेने हाताचे काम एकाकडे आणि विद्या दुसऱ्याकडे अशी वाटणी केली. ज्याने चामडे कमावले, दोर वळला, विहीर खणली, त्याला अक्षर नाकारले. ज्याच्याकडे अक्षर होते त्याने कुदळीला हात लावला नाही. म्हणून हात आणि बुद्धी यांना एकत्र आणणारे कोणतेही शिक्षण हे आमच्या मते या जुन्या वाटणीला दिलेले उत्तरच आहे. आमच्या वसतिगृहातील हौदाची कल्पना या विचारातून निघाली.

पद्धती नवी, विचार जुना

मासे आणि पीक एकाच पाण्यावर घेणे ही काही आजची गोष्ट नाही. मेक्सिकोतील ॲझ्टेक लोक सरोवराच्या उथळ भागात गाळाचे उंच वाफे रचून त्यांवर शेती करीत. वाफ्यांमधील चरांत मासे असत आणि चरांतला गाळ वाफ्यांवर टाकला जाई. चीनमध्ये भातखाचरात मासे सोडण्याची परंपरा शतकानुशतकांची आहे. आपल्याकडे अरुणाचल प्रदेशातील झिरो खोऱ्यात आपातानी लोक भात आणि मासे एकत्र घेतात. गोव्यातील खाजन जमिनींत बांध आणि झडपांची दारे यांच्या साह्याने भरती-ओहोटीचे पाणी राखून भात व मासळी दोन्ही मिळविली जाते. आपल्याच राज्यातील भंडारा-गोंदिया भागात मालगुजारी तलावांवर भाताचे सिंचनही होते आणि ढीवर समाजाची मासेमारीही चालते.

या सर्व ठिकाणी ज्ञान होते ते कष्टकऱ्यांचे, आणि ते पुस्तकात न लिहिता हातातून हातात गेले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याला बंदिस्त हौदाचे आणि मोजमापाचे रूप आले. अमेरिकेत १९७० च्या दशकात न्यू अल्केमी संस्थेत जॉन व नॅन्सी टॉड यांनी असे प्रयोग केले. पुढे व्हर्जिन बेटांच्या विद्यापीठात डॉ. जेम्स राकोसी यांनी वर्षानुवर्षे नोंदी ठेवून किती खाद्याला किती वाफे लागतात याची प्रमाणे बसविली. आज जगभर वापरली जाणारी कोष्टके बहुतांशी अशा नोंदींवर उभी आहेत.

पाण्यात काय घडते ?

हौदात मासे असतात. शेजारी खडीने भरलेला वाफा असतो. हौदातले पाणी पंपाने वाफ्यात चढते, खडीतून झिरपते आणि परत हौदात येते. एवढेच पाहणाऱ्यास दिसते. खरे काम मात्र न दिसणारे तिसरे सोबती करतात. ते म्हणजे जिवाणू.

मासा जे खाद्य खातो त्यातील प्रथिनांचा काही भाग त्याच्या शरीराच्या वाढीस लागतो आणि उरलेला नत्र अमोनियाच्या रूपाने, मुख्यतः कल्ल्यांवाटे, पाण्यात येतो. अमोनिया माशाला विषारी असतो. खडीच्या पृष्ठभागावर वस्ती करणारे काही जिवाणू या अमोनियाचे नायट्राइट बनवितात. नायट्राइटही विषारीच, त्यामुळे माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती जाते आणि कल्ले तपकिरी दिसू लागतात. मग दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट माशाला बऱ्याच प्रमाणात सोसते आणि झाडाला तर ते अन्नच होय. झाडाने नायट्रेट शोषले की पाणी निवळते व पुन्हा माशाच्या उपयोगाचे होते. या जिवाणूंचा शोध रशियन शास्त्रज्ञ सर्जी विनोग्राद्स्की यांनी १८९० च्या सुमारास लावला. शेतातल्या मातीतही हेच जिवाणू हेच काम करीत असतात. आपण त्यांना मातीतून खडीत आणतो इतकेच.

नववीच्या वर्गात हे समजावून देत असता एका विद्यार्थिनीने फळ्यावर तीन बाण काढले आणि म्हणाली, “सर, हे असल्यामुळे ते आहे, ते नसले तर हेही नाही. हे तर आपण वंदनेनंतर शिकतो तेच झाले.” ती प्रतीत्यसमुत्पादाविषयी बोलत होती. धम्मातील सिद्धान्त आणि विज्ञानातील चक्र यांची गल्लत आम्ही करू इच्छित नाही, पण कार्य घडते ते कारणामुळे आणि कारण शोधता येते, ही दृष्टी दोन्हींत एकच आहे. त्या मुलीला ती दृष्टी आली, याचा आम्हांस आनंद झाला.

आमची पहिली चूक

आता अपयशाची हकिकत सांगितली पाहिजे. पहिल्या वर्षी आम्ही हजार लिटरचा हौद सिमेंटने बांधून घेतला, पाणी भरले, वाफ्यात खडी घातली आणि तिसऱ्याच दिवशी साठ बोटुकली सोडली. वसतिगृहातील मासळी आठवड्यातून एकदा तरी घरची असावी, असा त्यामागील विचार होता. मुलांचा उत्साह मोठा. सकाळी पाचवी, दुपारी सहावी, सायंकाळी सातवी असे प्रत्येक वर्गाने खाद्य टाकले. न खाल्लेले खाद्य तळाशी साचत गेले. सहाव्या दिवशी मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडू लागले. आम्हांस वाटले, ते अधिक खाद्य मागत आहेत. म्हणून आम्ही अधिक खाद्य दिले. दहाव्या दिवशी हौदात एकही मासा जिवंत नव्हता.

चूक साधी होती. खडीवर जिवाणूंची वस्ती होण्यास सामान्यतः चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत त्याहूनही अधिक. ती होण्याआधी मासे सोडले तर अमोनिया साठतच जातो. हौद भरणे म्हणजे हौद तयार होणे नव्हे, हे आम्हांस ठाऊक नव्हते. इतिहासाचे शिक्षक असल्याने दुसऱ्यांच्या चुका सांगण्याची आम्हांस सवय आहे. येथे स्वतःचीच चूक मुलांपुढे मांडण्याची वेळ आली.

दुसऱ्या वर्षी आम्ही घाई केली नाही. हौदात मासे न सोडता रोज चिमूटभर खाद्य टाकले. ते कुजून अमोनिया तयार होतो आणि जिवाणूंना अन्न मिळते. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या चाचणी-संचाने मुलांनी दर दोन दिवसांनी पाणी तपासले आणि नोंदवहीत लिहिले. आधी अमोनिया चढला व उतरला; मग नायट्राइट चढले व उतरले; शेवटी नायट्रेट दिसू लागले. सहाव्या आठवड्यात अमोनिया आणि नायट्राइट जवळजवळ शून्यावर आले, तेव्हा आम्ही वीस मासे सोडले. ते जगले. ती नोंदवही आजही शाळेत आहे आणि येणाऱ्या पाहुण्यांना आम्ही हौदाच्या आधी तीच दाखवितो.

हजार लिटरचा हिशेब

ज्यांना घरी करून पाहावयाचे आहे त्यांच्यासाठी काही प्रमाणे येथे देतो. हजार लिटरच्या हौदात नवशिक्याने वीस किलोपेक्षा अधिक वजनाचे मासे कधीही ठेवू नयेत. आरंभी त्याच्या निम्मे ठेवावेत. वाढत्या माशांना त्यांच्या वजनाच्या सुमारे एक टक्का खाद्य रोज धरले तर वीस किलोंना २०० ग्रॅम खाद्य लागेल. पालेभाजीच्या एक चौरस मीटर वाफ्याला रोज ४० ते ५० ग्रॅम खाद्यातून निघालेले पोषण पुरते. म्हणजे २०० ग्रॅम खाद्यावर चार ते पाच चौरस मीटर पालेभाजी निघते. टोमॅटो, मिरची, वांगी यांसारख्या फळभाज्यांना अधिक पोषण लागते. त्यांना चौरस मीटरमागे ५० ते ८० ग्रॅम खाद्याचा हिशेब धरावा.

वाफा सुमारे ३० सेंटिमीटर खोल असावा. खडी धुऊन घ्यावी. तिच्यावर लिंबाचा रस वा व्हिनेगर टाकून पाहावे. फेस आला तर तीत चुनखडी आहे, ती वापरू नये, कारण ती पाण्याचा सामू वाढविते. माशाला, झाडाला आणि जिवाणूंना मिळून ७ च्या आसपासचा सामू मानवतो. आपल्या भागातील विंधनविहिरींचे पाणी बहुधा जड असते. तेथे पावसाचे साठविलेले पाणी मिसळल्यास फार उपयोग होतो. नवी पाने पिवळी पडून शिरा हिरव्या राहिल्या तर लोह कमी पडले असे समजावे, कारण माशांच्या खाद्यात लोह, पोटॅश आणि कॅल्शियम झाडाला पुरेल इतके नसते. ते वेगळे द्यावे लागते.

हौदातील सर्व पाणी तासाभरात एकदा तरी वाफ्यातून फिरावे, इतका पंप हवा. शिवाय हवा सोडणारे यंत्र हवे. दोन्हींची मिळून ६० वॅट शक्ती धरली तर दिवसाला सुमारे दीड युनिट आणि महिन्याला त्रेचाळीस युनिटांच्या आसपास वीज लागते. वीज गेली की प्रश्न उभा राहतो. एका रात्री वीज गेली तेव्हा वसतिगृहाच्या मुलांनी दोन तास आळीपाळीने तांब्याने पाणी उचलून उंचावरून परत हौदात ओतले आणि मासे वाचविले. तो प्रसंग त्यांच्या कायमचा लक्षात राहील. पण रोजची सोय म्हणून बॅटरीवर चालणारे हवेचे यंत्र जवळ ठेवणे हेच शहाणपणाचे.

उन्हाळ्यात हौदावर शेडनेट अत्यावश्यक आहे. हौदावर ऊन पडले तर शेवाळ माजते आणि पाणी तापते. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो. डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींत पाणी २० अंशांखाली गेले तर जिवाणू मंदावतात. तेव्हा खाद्य कमी करावे. वाफ्यावर कीटकनाशक मारता येत नाही, कारण पानावर मारलेले विष हौदातच उतरते. किडी हाताने वेचाव्या लागतात. पण भाजी विषमुक्त असण्याची याहून मोठी हमी ती कोणती ? पाण्यातल्या माशाचा जीव हीच तिची कसोटी.

आणि पाणी ? बाष्पीभवन आणि झाडांनी शोषलेले पाणी मिळून रोज एकूण साठ्याच्या एक ते तीन टक्के भर घालावी लागते. हजार लिटरचा हौद आणि त्याचे वाफे यांना एक ते तीन बादल्या पुरतात. कोरड्या माळावर चार-पाच चौरस मीटर भाजी आणि वीस किलो मासे एवढ्या पाण्यावर जगतात, यातच या पद्धतीचे सर्व महत्त्व सामावले आहे.

पहिले शील आणि माशांचा प्रश्न

पहिल्या वर्षी मासे मेले त्या संध्याकाळी वंदनेनंतर आठवीचा एक मुलगा उभा राहिला. तो म्हणाला, “सर, आपण रोज पंचशील घेतो. पहिले शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे. मग आपण मासे का पाळले ? आणि हे साठ मासे मारले कोणी ?” सभागृह शांत झाले. आम्ही त्या क्षणी उत्तर दिले नाही. तो प्रश्न आम्ही शिक्षकांच्या बैठकीत आणि पालकांच्या सभेत मांडला.

मते दोन पडली. बौद्ध साहित्यात उपासकाने टाळावयाच्या पाच व्यापारांत प्राण्यांचा व मांसाचा व्यापार सांगितला आहे, हे काहींनी निदर्शनास आणले. इतरांनी सांगितले की बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात अहिंसेला आंधळा नियम न मानता तत्त्व मानले आहे, आणि मारण्याची इच्छा व मारण्याची गरज यांत भेद केला आहे. एका पालकांनी भोई बांधवांची आठवण करून दिली. भीमेच्या काठाकाठाने पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्या कष्टकऱ्यांना कमी लेखणारी शुद्धता ही पुन्हा जुन्या विटाळाचीच भाषा बोलू लागेल, असे त्यांचे म्हणणे होते. उजनीच्या जलाशयामुळे दौंड, इंदापूर, करमाळा भागांत चिलापीसारखा स्वस्त मासा गरिबाच्या ताटात प्रथिने आणतो, हेही खरे.

आम्ही पुढीलप्रमाणे निर्णय केला. शाळेच्या हौदात गोल्डफिश आणि कोई हे शोभेचे मासे राहतील. ते मारले जाणार नाहीत. भाजी मात्र आपण खाऊ. नत्राच्या चक्राला मासा खाण्याचा आहे की पाहण्याचा याने काही फरक पडत नाही. घरी कोणी काय वाढवावे आणि काय खावे, हा त्या त्या कुटुंबाने विचारपूर्वक ठरविण्याचा प्रश्न आहे. त्यात शाळा कोणाचा न्याय करणार नाही.

त्या मुलाच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र आम्ही स्वतः सभेत उभे राहून दिले. ते साठ मासे आमच्या अज्ञानाने मेले. मारण्याची इच्छा नव्हती, गरजही नव्हती. जाणून न घेता केलेली घाई होती. तथागतांनी दुःखाच्या मुळाशी अविद्या सांगितली, तिचा अर्थ आम्हांस त्या हौदाने शिकविला. जीव सांभाळावयाचा तर करुणा पुरत नाही, ज्ञानही लागते. बाबासाहेबांनी प्रज्ञा आणि करुणा यांची जोड का धरली, हे त्या मुलांना यापुढे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

जमीन, पाणी आणि भांडवल

आता मोठ्या प्रश्नाकडे वळू. आपल्यापैकी अनेक कुटुंबांना जमीन नाही, किंवा असलीच तर वतनाच्या तुकड्यातून उरलेले गुंठे आहेत. महार वतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. कनिष्ठ ग्रामवतने नाहीशी करणारा कायदा १९५८ साली, त्यांच्या पश्चात, झाला. १९६४ मध्ये कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह झाला आणि लाखोंनी तुरुंगवास पत्करला. जमिनीचा तो प्रश्न आजही संपलेला नाही. घरामागच्या हौदाने तो सुटेल असे सांगणे ही फसवणूक ठरेल.

बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान धारणक्षेत्रांविषयी एक निबंध लिहिला. शेत लहान की मोठे यावरून ते किफायतशीर ठरत नाही; त्यावर श्रम आणि भांडवल कोणत्या प्रमाणात लागतात यावरून ठरते, असा त्यांचा युक्तिवाद होता. रिकामे राहणारे श्रम हीच त्यांना खरी चिंता वाटत होती आणि त्यावर त्यांनी औद्योगिकीकरणाचा उपाय सुचविला. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखाते सांभाळताना सिंचन व वीज हे विषयही त्यांच्याकडे होते. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटक येथील परिषदेत त्यांनी नदीचे पाणी हे संकट न मानता संपत्ती मानावे, ते साठवावे आणि सिंचन, वीज, जलवाहतूक अशा अनेक कामांसाठी त्याच पाण्याचा उपयोग करावा, ही भूमिका मांडली. एका पाण्याचे अनेक उपयोग हा विचार दामोदर खोऱ्याएवढा मोठा होऊ शकतो, तसा हजार लिटरच्या हौदाएवढा लहानही.

परंतु १९१८ च्या निबंधाची कसोटी आपल्या हौदालाही लावली पाहिजे. वरील प्रमाणांनी महिन्याला सहा किलो खाद्य लागते. उत्तम व्यवस्था असेल तर दीड किलो खाद्यामागे एक किलो मासा वाढतो, म्हणजे महिन्याला सुमारे चार किलो. त्याच्यापुढे खाद्याची किंमत, त्रेचाळीस युनिट वीज, बोटुकलींचा व चाचणी-संचाचा खर्च मांडा. चार-पाच चौरस मीटर भाजीची किंमत त्यात मिळवा. दर आपल्या बाजाराचे घाला. घरची भाजी आणि अधूनमधून घरचा मासा एवढे यातून नक्की निघते. घर चालेल इतके निघत नाही. मोठ्या प्रमाणावर करावयाचे तर वीज, कुशल देखरेख आणि ताजा माल रोज घेणारी बाजारपेठ या तीन गोष्टी आधी हव्यात.

हे आम्ही मुद्दाम स्पष्ट सांगत आहोत. आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या कुटुंबाने जाहिरात पाहून एका विक्रेत्याकडून दहा टाक्यांचा संच कर्ज काढून घेतला. माल परत विकत घेण्याचे तोंडी आश्वासन होते. पहिल्याच उन्हाळ्यात मासे गेले आणि विक्रेत्याने दूरध्वनी उचलणे बंद केले. त्या टाक्यांत आज जनावरांसाठी पाणी साठविले जाते. हप्ते मात्र चालू आहेत. मुलगा हुशार, कष्टाळू, प्रामाणिक. चूक एवढीच की एका टाकीत एक वर्ष शिकण्याआधी त्याने दहा टाक्या घेतल्या. आम्ही ज्या घाईने साठ मासे गमावले, त्याच घाईने त्याने घरची बचत गमावली.

म्हणून ज्यांना हा उद्योग करावयाचा आहे त्यांना आमचे सांगणे असे. प्रथम एकच हौद, तोही जुन्या टाकीत, आणि चारही ऋतूंची नोंदवही. दुसरे, तोंडी आश्वासनावर कर्ज काढू नये. जे असेल ते कागदावर घ्यावे. तिसरे, शासनाच्या योजना समजून घ्याव्यात. २०२० पासूनच्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत वैयक्तिक लाभार्थ्यांच्या घटकांसाठी अनुसूचित जाती, जमाती व महिलांना प्रकल्पखर्चाच्या साठ टक्क्यांपर्यंत अर्थसाह्याची तरतूद करण्यात आली. चालू नियम व मुदत मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात स्वतः जाऊन विचारावी, मध्यस्थाच्या शब्दावर जाऊ नये. चौथे, कोणता मासा पाळावयाचा याचेही नियम आहेत. थाई मांगूर पाळण्यास बंदी आहे आणि चिलापीच्या संवर्धनासाठी परवानगी लागते. पाचवे, शक्य असेल तर काही दिवस एखाद्या चालत्या प्रकल्पावर काम करून शिकावे. पाबळ आपल्याच तालुक्यात आहे.

समारोप

चवदार तळ्याचे पाणी खुले करणारा ठराव महाडच्या नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता. पण कागदावरचा तो हक्क ओंजळीत येण्यास १९२७ उजाडावे लागले आणि उच्च न्यायालयात तो टिकण्यास १९३७. हक्क मिळविणे ही एक पायरी झाली. मिळालेले पाणी जाणतेपणाने वापरणे ही तिच्यापुढची. पहिली पायरी आपल्या आजोबा-पणजोबांनी चढली. दुसरी आपल्या मुलांना चढावयाची आहे.

या वर्षी आमच्या हौदावर पालक, पुदिना, चुका आणि अळू आहे. आठवड्यातून दोनदा वसतिगृहाच्या भाजीत त्याची भर पडते. फार मोठी भर नव्हे, पण रविवारी ताटात अळूचे फदफदे आले की मुले नोंदवहीतील पान दाखवून सांगतात, “हे आमचे.” गेल्या महिन्यात पाचवीत नव्याने आलेल्या एका मुलीने मूठभर खाद्य हौदात टाकण्यासाठी हात पुढे केला, तेव्हा सातवीतल्या मुलाने तिचा हात हळूच धरला आणि म्हणाला, “थांब. आधी वहीत बघ, आज किती दिलंय ते.”

माजी विद्यार्थ्यांनी वर्धापनदिनास येतील तेव्हा हा हौद अवश्य पाहावा आणि नोंदवहीत आपले निरीक्षण लिहून जावे. पालकांनी प्रश्न विचारावेत. ज्यांना आपल्या परसात एक टाकी मांडावयाची असेल त्यांच्याबरोबर आमचे विद्यार्थी पहिले सहा आठवडे पाणी तपासण्यास येतील. सातव्या आठवड्याआधी मासे सोडणार नाही, एवढे वचन मात्र त्यांना द्यावे लागेल.

जयभीम.